दोनशे रुपयांची जांभळी विजेरी: फिरत्या संदेशातल्या दाव्यांचा प्रतिवाद

गेल्या आठवड्यात चिपळूणजवळच्या गावी मावशीकडे गेले, तेव्हा तिच्या किराणा दुकानाच्या गल्ल्याशेजारी जांभळा उजेड देणारी एक छोटी विजेरी ठेवलेली दिसली. थोड्या वेळाने तिने ती आपल्या चार वर्षांच्या नातवाच्या तळहातांवर धरली, ‘आता जंतू मेले, खा’ असे म्हटले आणि त्याला लाडू दिला. ज्या संदेशावर विसंबून तिने हे सुरू केले, तो तिला बचत गटाच्या व्हॉट्सॲप गटावर आला होता आणि माझ्याकडेही तीन वेळा येऊन गेला आहे. त्याचा आशय असा: दोनशे रुपयांची अतिनील विजेरी पुरेशी असते, महागड्या विजेऱ्यांत केवळ नावाचे पैसे घेतात, जिचा जांभळा उजेड अधिक लख्ख, ती अधिक शक्तिशाली, तिने खोटी नोट ताबडतोब ओळखता येते, हातांवरचे जंतू दहा सेकंदांत मरतात, दुधातली भेसळ आणि खोटा हिरा उघडा पडतो, आणि अंधारात विंचू दिसतो.

जंतूंचा दावा आधी घेते, कारण त्याने लहान मुलाचे नुकसान होते. अतिनील किरण सगळे एका जातीचे नसतात. ३१५ ते ४०० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) तरंगलांबीच्या किरणांना अतिनील-ए म्हणतात, २८० ते ३१५ या पट्ट्याला अतिनील-बी आणि १०० ते २८० या पट्ट्याला अतिनील-सी. जंतू मारण्यासाठी वापरतात तो हा शेवटचा पट्टा, कारण जंतूंच्या डीएनएमध्ये २६० नॅनोमीटरच्या आसपासचे किरण सर्वांत जास्त शोषले जातात आणि त्याने तो डीएनए बिघडतो. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातल्या पाऱ्याच्या दिव्यातून म्हणूनच २५४ नॅनोमीटरचे किरण बाहेर पडतात. मावशीच्या विजेरीच्या खोक्यावर ३९५ नॅनोमीटर असे छापलेले आहे. हा अतिनील-ए पट्ट्याचा अगदी शेवट, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या जांभळ्या प्रकाशाला लागून असलेला भाग, आणि तळहातावर दहा सेकंद असा उजेड पाडून हात निर्जंतुक होत नाहीत. मुलाने त्या दिवशी न धुतलेल्या हातांनी लाडू खाल्ला, एवढेच घडले.

समजा, उद्या कोणी खरोखरच अतिनील-सी किरण देणारे उपकरण आणून दिले, तरी हा सल्ला सुधारत नाही, उलट अधिक घातक होतो. जे किरण जंतूंच्या पेशी मारतात, ते आपल्या त्वचेला आणि डोळ्यांच्या बाहुलीवरच्या पारदर्शक पडद्यालाही भाजतात. वेल्डिंगचा उजेड उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्याचे डोळे काही तासांनी जसे वाळू गेल्यासारखे खुपू लागतात, तसेच येथेही होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली, करोनाच्या काळात असेच संदेश फिरत असताना, स्पष्ट सांगितले होते की हात किंवा त्वचेचा कोणताही भाग निर्जंतुक करण्यासाठी अतिनील दिवे वापरू नयेत, कारण त्यांनी त्वचेचा दाह होतो आणि डोळ्यांना इजा होऊ शकते. म्हणजे विजेरी साधी असेल तर हात निर्जंतुक होत नाहीत आणि खरी जंतुनाशक असेल तर ती हातावर धरायचीच नाही. हात धुवायला साबण आणि पाणी लागते. शिवाय, तो मुलगा खेळ म्हणून त्या विजेरीत डोळे घालून पाहत होता आणि दुकानात कोणी त्याला अडवत नव्हते, हे मला अजून अस्वस्थ करते. लहान मुलांच्या डोळ्यांतले भिंग मोठ्यांच्या भिंगापेक्षा अधिक अतिनील किरण आत जाऊ देते.

‘जास्त जांभळी ती जास्त शक्तिशाली’ हे तर वस्तुस्थितीच्या नेमके उलट आहे. जांभळा उजेड आपल्याला दिसतो, म्हणजे तो अतिनील नव्हे. तो वस्तूवरून परतून येतो आणि अतिनील किरण पडल्यावर उठणारी वस्तूची स्वतःची फिकट चमक त्याखाली झाकली जाते. ३६५ नॅनोमीटरच्या विजेरीवर दिसणारा जांभळा उजेड अडवणारी काळ्या काचेची गाळणी बसवलेली असली, तर तिचा उजेड पाहताना मंद वाटतो, पण चमकणाऱ्या खुणा स्वच्छ उठून दिसतात. अशी विजेरी काही पटींनी महाग पडते, हे मान्य. पण तो फरक केवळ नावाचा नाही. घ्यायचीच असेल तर दुकानदाराला तरंगलांबी विचारावी, गाळणी आहे का ते पाहावे, आणि ती मंद दिसते म्हणून निर्धास्तपणे तिच्याकडे टक लावून पाहू नये, कारण मंद उजेडात बाहुली आकसत नाही आणि किरण मात्र आत जात राहतात.

नोटांच्या बाबतीत संदेशात अर्धे सत्य आहे. आपल्या नोटांवरच्या क्रमांकाची शाई अतिनील प्रकाशात चमकते, कागदात चमकणारे तंतू असतात आणि कागद स्वतः मात्र निस्तेज राहतो. साध्या पांढऱ्या कागदात चकाकी आणणारी रसायने असतात, म्हणून तो निळसर पांढरा उजळतो. पण तीच रसायने कपडे धुण्याच्या पावडरीतही असतात. खिशात राहून धुतली गेलेली अस्सल नोटही त्यामुळे उजळते, आणि मावशीने नेमकी अशीच एक पाचशेची नोट, वीस वर्षांपासूनच्या गिऱ्हाइकाला सगळ्यांसमोर खोटी म्हणून परत केली. तिने नोट तिरपी करून सुरक्षा धागा हिरव्याचा निळा होतो का ते पाहिले असते, उजेडासमोर धरून गांधीजींचे जलचिन्ह पाहिले असते आणि कडेच्या पाच उठावदार रेघा बोटाने चाचपल्या असत्या, तर त्या माणसाचा अपमान टळला असता. रिझर्व्ह बँक या खुणा वर्षानुवर्षे लोकांना सांगत आली आहे आणि त्यांना विजेरी लागत नाही.

दूध आणि हिरा यांवर फार शब्द खर्चण्याची गरज नाही. शुद्ध दुधातही अतिनील प्रकाशात चमकणारे घटक असतात, रिबोफ्लेविन हे त्यांतले एक, त्यामुळे चमक दिसली म्हणजे भेसळ, असे ठरत नाही. अस्सल हिरे काही चमकतात आणि बहुतेक चमकत नाहीत. दोन्ही अस्सलच असतात.

विंचवाचे मात्र खरे आहे, आणि ते मला मान्य करावे लागते. विंचवाच्या कवचातली काही द्रव्ये अतिनील प्रकाशात हिरवट निळी चमकतात, आणि हे काम ३९५ नॅनोमीटरची स्वस्त विजेरीही नीट करते. लाल विंचवाच्या कोकणात ही सोय लहान नाही, म्हणून मावशीची विजेरी मी फेकायला लावली नाही. ती आता मागच्या दारी, लाकडे ठेवतात त्या पडवीत टांगलेली आहे. एवढे मात्र तिला सांगून आले की नुकतीच कात टाकलेला विंचू चमकत नाही, तेव्हा चपला झटकूनच घालायच्या, आणि दंश झालाच तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता दवाखाना गाठायचा, कारण लाल विंचवाच्या विषावर उपयोगी पडणारे प्राझोसिन हे औषध जितक्या लवकर पोटात जाईल, तितके बरे.