दसऱ्यानंतर घाट उतरा

पुण्याचे पाहुणे घरी आले की एक वाक्य ठरलेलं असतं. "तुमच्या इंदूरला सगळं आहे हो, फक्त डोंगर नाहीत." आणि आपले लोक मान डोलावतात. सराफा दाखवतात, राजवाडा दाखवतात, डोंगराचा विषय सोडून देतात. मला हे आता ऐकवत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते आहे.

इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. महूच्या पुढे थोडं दक्षिणेला गेलं की माळवा एकाएकी संपतो आणि खाली निमाड सुरू होतो. महेश्वरला नर्मदा वाहते ती दीडशे मीटरच्या आसपास. म्हणजे चारशे मीटरचा उतार आपल्या दाराशी आहे, आणि आपण त्याच्या माथ्यावर राहतो म्हणून तो आपल्याला दिसत नाही. अगस्ती ऋषींपुढे विंध्य वाकला ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. माळव्याकडून पाहिलं तर तो खरंच वाकलेला दिसतो. एकदा मंडलेश्वरला नर्मदेच्या काठी उभं राहून उत्तरेकडे पाहा, मग त्याची पूर्ण उंची कळते. आणि दगड तोच आहे बरं का, जो सह्याद्रीत आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जो लाव्हा पसरला, त्याचाच हा काळा बसाल्ट. पुणेकरांनी राजगडावर ज्या दगडाला हात लावला, त्याचाच भाऊबंद आपल्या जानापावच्या डोंगरात आहे.

मग आपण या डोंगराचं करतो काय? जुलै-ऑगस्टमध्ये एका रविवारी गाडी काढतो, पातालपानी, तिंछा किंवा चोरलला जातो, धबधब्यासमोर फोटो काढतो, भुट्टे खातो आणि अंधार पडायच्या आत घरी. वर्षाचे उरलेले महिने विंध्य आपल्या खिजगणतीत नसतो. माझं म्हणणं साधं आहे: डोंगर बघायचा असेल, त्यात चालायचं असेल, रात्र काढायची असेल, तर पावसाळ्यात जाऊ नका. दसरा होऊ द्या, मग निघा.

आधी पावसाळ्याचं बोलते, कारण तिथे जिवाचा प्रश्न आहे. 2011 च्या जुलैमध्ये पातालपानीला अचानक लोंढा आला आणि प्रवाहाच्या मध्यात अडकलेली माणसं वाहून गेली. ते चित्रण सगळ्या देशानं पाहिलं. मी ते पुन्हा कधी पाहू शकले नाही. असं का होतं हे मात्र इंदूरच्या प्रत्येक घरात माहीत असायला हवं. धबधब्याचं पाणी वरच्या सपाट पठारावरून येतं. तिथली काळी माती एकदा भिजली की फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि वरचं पाणी आत मुरायचं थांबतं. जिथे माती नाही तिथे उघडा कातळ आहे, तो तर थेंबही पीत नाही. त्यामुळे वर जोराची सर आली की सगळं पाणी एकदम नाल्यात उतरतं. तुमच्या डोक्यावर ऊन असू शकतं, पाऊस काही किलोमीटर मागे पडलेला असतो, आणि पाणी वाढतं ते मिनिटांत. घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला काठ गाठायला वेळ मिळत नाही. पोहता येणं, धीट असणं, यातलं काही तिथे उपयोगाचं नाही. दर वर्षी कुणाची ना कुणाची बातमी येते आणि दर वर्षी आपण पोरांना "सांभाळून जा रे" एवढंच म्हणतो. सांभाळून जाण्यासारखी ती जागाच नाही त्या दिवसांत. काठापासून लांब, कठड्याच्या आत उभं राहून बघा आणि परत या.

आता दसऱ्याचं. आपल्या लोकांना हे नवीन नाही. चातुर्मासात प्रवास करायचा नाही आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडायचं, ही पद्धत रस्ते आणि नद्या बघूनच पडली. मराठी फौजा माळव्यात आल्या त्याही अशाच. 1728 च्या नोव्हेंबरमध्ये चिमाजी अप्पांची फौज नर्मदा ओलांडून मांडूच्या घाटानं वर चढली आणि 29 नोव्हेंबरला अमझेऱ्याच्या लढाईत मोगलांचा सुभेदार गिरधर बहादूर मारला गेला. मल्हारराव होळकर त्या मोहिमेत होते. इंदूरची मराठी वस्ती ज्या इतिहासातून उभी राहिली, त्याचं एक पान विंध्याच्या घाटांवर लिहिलेलं आहे. महूहून मंडलेश्वरकडे उतरताना जाम दरवाजा लागतो ना, तो अहिल्याबाईंनी 1791 मध्ये बांधवला. राजधानी महेश्वरला, मुलूख माळव्यात, म्हणजे या चढउतारावरून माणसं, बैल, पत्रं सतत जात-येत असणार. आज आपण तिथे पाच मिनिटं थांबतो, पोरं कमानीत उभी राहून फोटो काढतात, आणि गाडी पुढे निघते. त्या कमानीखालून पायी चार पावलं उतरून पाहा. आपले खापरपणजोबा इथे कसे आले असतील याची थोडी कल्पना येते.

आम्ही काही मित्र-मैत्रिणी (शाळेपासूनचे, बहुतेक सगळे आता पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे) गेल्या हिवाळ्यात शनिवार-रविवार धरून गेलो होतो. शनिवारी पहाटे पोहे-जलेबी खाऊन निघालो आणि आधी जानापाव केलं. साडेआठशे मीटरच्या आसपासचं हे शिखर, वर परशुरामाचं स्थान, कार्तिकी पौर्णिमेला मोठी जत्रा. गाडी पार वरपर्यंत जाते, पण आम्ही पायथ्याशी लावून चढलो. तासाभराची चाल असेल, अवघड काही नाही.

वर एक गोष्ट मात्र अशी आहे की तिच्यासाठी मी कुणालाही हात धरून तिथे नेईन. चंबळ इथून निघते. ती उत्तरेला जाते, यमुनेला मिळते, मग गंगा, आणि शेवटी बंगालचा उपसागर. याच डोंगररांगेतून चोरल निघते, ती दक्षिणेला उतरून बडवाहजवळ नर्मदेला मिळते आणि नर्मदा अरबी समुद्राला. शेजारीशेजारी पडलेल्या पावसाचं पाणी दोन वेगवेगळ्या समुद्रांत जातं, आणि ते ठरवणारा कणा आपल्या घरापासून दीड तासावर आहे! आमच्यातला एक जण आयुष्यभर भूगोल शिकवतो आहे. तो बराच वेळ नुसता इकडून तिकडे फेऱ्या मारत होता, एकदा उत्तरेकडे बघायचा, एकदा दक्षिणेकडे. पावसाळ्यात तुम्हाला यातलं काहीही दिसत नाही, सगळं ढगात असतं. हिवाळ्याच्या स्वच्छ सकाळी मात्र निमाडची शेतं लांबवर दिसतात.

मुक्काम पातालपानीच्या बाजूला, घाटाच्या कडेवरच्या एका शेतात केला. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

सह्याद्रीत ट्रेकिंग करणाऱ्यांनी एक फार चांगली गोष्ट घडवली आहे. पायथ्याचं गाव आणि ट्रेकर यांचं नातं. गावातल्या एखाद्या घरी जेवण सांगायचं, पिठलं-भाकरी खायची, वाटाड्या घ्यायचा, पैसे द्यायचे, पुढच्या वर्षी पुन्हा त्याच घरी जायचं. आपल्याकडे हे जवळजवळ नाहीच. आपण गाडीतून सगळं नेतो, चिप्ससुद्धा इंदूरहून, आणि कचरा तिथे सोडून येतो. गावाला आपल्याकडून मिळतं काय, तर प्लास्टिक आणि रात्रभर वाजणारा स्पीकर.

आम्ही आठवडाभर आधी दोघांना पाठवून शेतमालकाशी बोललो होतो. वनखात्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय तंबू ठोकता येत नाही आणि ठोकूही नये. 2023 मध्ये महूच्या लष्करी परिसरात सीसीटीव्हीवर वाघ दिसला होता हे विसरू नका. बिबट्या तर या पट्ट्यात कायमचाच. तेव्हा कुणाच्या तरी खाजगी शेतात, घराजवळ, त्यांना विचारून आणि रीतसर पैसे देऊन राहणं हाच मार्ग. काकांनी आम्हाला सोयाबीन निघालेला एक तुकडा दिला. गव्हाच्या वावरातून कुठून जायचं, कुठून नाही, ते आधीच दाखवून ठेवलं. आम्ही नाल्याजवळची मऊ, सपाट जागा धरत होतो. त्यांनी हसून वरच्या बाजूला नेलं. रात्री थंडी खाली उतरून नाल्यात साचते, हे त्यांना सांगावं लागलं नव्हतं, ते तिथेच वाढले होते. पहाटे आम्ही खाली जाऊन पाहिलं तर खरंच खालची थंडी वेगळी, हाडात शिरणारी.

जेवणाला पानिये होते. मक्याचं पीठ मळून, खाखऱ्याच्या (म्हणजे पळसाच्या) पानांत दाबून, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले. पान जळतं, आत पानिया शिजतो आणि त्याला पानाचा, धुराचा असा काही वास येतो की दाल-बाफल्यांवर वाढलेली आमची मंडळीसुद्धा गप्प झाली. सोबत तुरीची दाळ आणि लसणाची चटणी. घरच्या काकी वाढत होत्या आणि आमच्यातल्या वहिनी त्यांच्याकडून पीठ किती घट्ट मळायचं ते शिकत होत्या. वेगळी शेकोटी आम्ही केली नाही. त्या दिवसांत सागाची पानं गळायला लागलेली असतात, जमीन कोरडी असते, एक ठिणगी पुरते. शेकायचं ते त्यांच्या अंगणातल्या चुलीपाशी.

आणि रात्र. उत्तरेला इंदूर-महूचा उजेड आकाशात पसरलेला असतो, पण दक्षिणेला, दरीच्या बाजूला, अंधार राहिला आहे अजून. मृग नक्षत्र वर आलं, मागोमाग व्याध. दरीतून रातव्याचा आवाज येत होता, ठराविक लयीत, थांबायचा नि पुन्हा सुरू. तेवढ्यात लांबच्या एका टेकाडावरून कुणाचा तरी स्पीकर सुरू झाला आणि पक्षी गप्प झाला. तो पुन्हा बोललाच नाही. काका म्हणाले, हे रोजचं झालंय, शनिवारी गुरं बिथरतात. मला त्या वेळी फार लाज वाटली, कारण ती पोरंही आपल्याच गावची होती. संगीताला माझा विरोध नाही, माझं अर्धं आयुष्य इंदूरच्या मैफलींत गेलं आहे. पण दुसऱ्याच्या गोठ्याशेजारी, दुसऱ्याच्या झोपेवर, जंगलाच्या तोंडावर ते वाजवायचा आपल्याला काहीही अधिकार नाही.

रविवारी घाटाखालच्या कालाकुंडला उतरलो. हा घाट नीट समजून घ्यायला हवा. सह्याद्रीत, हिमालयात आधी चढ असतो. दमलात तर अर्ध्यातून परत फिरता येतं, खाली उतरणं सोपं असतं. आपल्याकडे उलटं आहे. सकाळी ताज्या पायांनी मजेत उतरता, आणि खरा चढ दुपारी, दमल्यावर येतो. शिवाय ही कड दक्षिणेकडे तोंड करून आहे, म्हणजे हिवाळ्यातला सूर्य दिवसभर तिच्यावरच. डिसेंबरमध्येसुद्धा दुपारी बारा वाजता तो उतार तापतो. म्हणून उजाडताच निघायचं, निम्मं पाणी परतीसाठी राखून ठेवायचं, आणि दुपारचं ऊन खालीच, नदीकाठच्या सावलीत काढून साडेतीनच्या सुमारास चढायला लागायचं. आमच्यातल्या एकीचे गुडघे दुखतात. ती सगळ्यांच्या पुढे चालेल आणि तिच्यापुढे कुणी जाणार नाही, एवढा एकच नियम आम्ही केला. चढायला उतरण्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागला, पण अंधाराच्या आत सगळे वर होतो.

पातालपानी-कालाकुंडच्या रेल्वे रुळांवरून चालत जाणारे पुष्कळ दिसतात. कृपा करून असं करू नका, गावकऱ्यांची पायवाट विचारा. बोगद्यात आणि पुलावर बाजूला व्हायला जागा नसते. तो लोहमार्ग मात्र लांबून डोळे भरून बघण्यासारखा आहे. इंदूरच्या दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खांडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रजांना एक कोटी रुपयांचं कर्ज दिलं होतं, त्यातून हा घाट बांधला गेला. चढ 1 ला 40, म्हणजे चाळीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. रेल्वेच्या मानानं तो फार मोठा चढ. 2018 च्या डिसेंबरपासून त्याच मीटरगेजवर हेरिटेज गाडी सुरू झाली. आणि पातालपानीला इंग्रजांविरुद्ध लढलेल्या टंट्या भिलाचं स्मारक आहे. 4 डिसेंबर 1889 ला त्यांना जबलपूरला फाशी दिली. इथले लोक त्यांना टंट्या मामा म्हणतात आणि त्या दिवशी दुरून दुरून येतात. आपण मराठी घरांत होळकरांची नावं आदरानं घेतो, तशी या घाटात ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची घरं आहेत त्यांची नावंही आपल्या मुलांना माहीत असावीत असं मला मनापासून वाटतं. कालाकुंडला स्टेशनजवळ पानाच्या द्रोणात कलाकंद मिळतो, तो जरूर खा आणि द्रोण तिथेच न टाकता बरोबर घ्या.

हा हिवाळाही मोकळा जाऊ द्यायचा नाही असं आम्ही ठरवलं आहे. डिसेंबरच्या मध्याला मिथुन राशीतल्या उल्का पडतात, तो शनिवार-रविवार धरतो आहोत. त्याच काकांच्या शेतात. माणशी पैसे ठरले आहेत आणि जेवण काकींकडेच. कुणाला यायचं असेल तर इथे लिहा. जाड गादीची चटई लागेल, कारण कातळ रात्री अंगातली ऊब ओढून घेतो. तंबूवर दुसरं कापड लागेल, दंव फार पडतं. बूट चालून मुरलेले हवेत, नवे नकोत. पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या प्रत्येकाच्या पाठीवर. स्पीकर घेऊन येणाऱ्यांना आम्ही बरोबर घेणार नाही, मग तो कितीही जवळचा मित्र असो.