जहाज चाच्यांपासून कसं वाचवावं (खलाशी आपलं आपण बघून घेतील)

तुम्ही नुकतंच एक मालवाहू जहाज विकत घेतलंय असं धरून चालतो. अभिनंदन! आता सगळ्यात आधी त्याला एक देश शोधा. स्वतःचा देश नको. तिथे कर असतो, कामगार कायदे असतात, एखादा चिकट पत्रकारही असतो. पनामा, लायबेरिया ही जुनी, खात्रीची ठिकाणं. थोडं हटके हवं असेल तर मंगोलिया आहे. त्या देशापासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, पण जहाजांची नोंदणी मात्र तो करतो, आणि तिचं कार्यालय सिंगापुरात थाटलंय. मालक एका देशाचा, झेंडा दुसऱ्याचा आणि खलाशी पाच-सहा देशांचे अशी मोट बांधलीत की पुढे काहीही होवो, प्रत्येक सरकारला दुसऱ्याकडे बोट दाखवता येतं.

'आइसबर्ग 1' ही अशीच मोट होती. मालक दुबईचा, झेंडा पनामाचा. 29 मार्च 2010 रोजी सोमाली चाच्यांनी हे जहाज येमेनच्या एडन बंदराजवळ पळवलं. जहाजावर 24 जण, त्यातले सहा भारतीय. खंडणीची मागणी आली. अशा वेळी नवखा मालक घाबरून वाटाघाटीला बसतो. तुम्ही बसू नका. हात वर करा आणि फोन वाजू द्या. तिकडे दिवसाला मोजकं पाणी, थोडा भात आणि टेकवलेली बंदूक एवढ्यावर माणसं बरीच टिकतात. सगळीच टिकतील असं मात्र नाही. त्या जहाजावरच्या एकाने जीव दिला आणि चीफ ऑफिसर बेपत्ता झाला. बाकीच्या 22 जणांना डिसेंबर 2012 मध्ये पुंटलँड या सोमालियातल्या प्रांताच्या सैनिकांनी वेढा घालून सोडवलं. जवळजवळ हजार दिवस झाले होते. मालकाचा खंडणीवर छदामही खर्च झाला नाही. याला म्हणतात काटकसर.

इतकं मन घट्ट नसेल तर जहाजाचा बंदोबस्त करा. कठड्याभोवती काटेरी तारांची भेंडोळी लावा. आग विझवायच्या पाण्याचे पाइप बाहेरच्या बाजूला तोंड करून बांधून ठेवा. बॉयलर सूटमध्ये चिंध्या कोंबा, वर हेल्मेट चढवा आणि ही बुजगावणी डेकवर उभी करा. रात्रीच्या वॉचला दमलेल्या कॅडेटपेक्षा ती ताठ उभी राहतात, आणि त्यांना पगारही लागत नाही. (हे सगळे उपाय खरोखरच मार्गदर्शक पुस्तिकांत छापलेले आहेत. उपरोध माझा असला तरी बुजगावणी खरी आहेत.)

खर्चाची धास्ती घेऊ नका, कारण या धंद्यात सगळ्यात स्वस्त माणूस चाचाच. 2011 मध्ये सोमाली चाचेगिरीपायी जगाला साडेसहा अब्ज डॉलरहून जास्त भुर्दंड पडला, असा हिशोब मांडला गेला होता. त्यात खंडणीचा वाटा जेमतेम 16 कोटी डॉलर. बाकीचे पैसे कुठे गेले? धोक्याच्या भागातून जहाज पिटाळायला जास्तीचं इंधन, विम्याचे वाढीव हप्ते, बंदूकधारी रखवालदार, युद्धनौका. म्हणजे चाच्यांनी एक रुपया लुटला की बाकीच्यांनी चाळीस रुपयांचा उद्योग उभा केला. अशा उपयुक्त माणसाचा समूळ नायनाट करायला कोण धजावेल? तोही काही एकट्याने खात नाही. जागतिक बँकेच्या पाहणीनुसार जहाजावर चढणाऱ्या पोराच्या हाती एका मोहिमेचे 30 ते 75 हजार डॉलर पडायचे, तर पैसा लावणारे शेठ खंडणीतला मोठा हिस्सा घेऊन किनाऱ्यावर निवांत असायचे. ही रचना तुम्हाला ओळखीची वाटेल.

आता समजा तुम्ही मालक नाही, राष्ट्र आहात. मग मुळाशी जायचं टाळा. 1991 मध्ये सोमालियाचं सरकार कोसळलं आणि परदेशी ट्रॉलर तिथली मासळी ओरबाडायला लागले. तेव्हा सुरुवातीच्या काही टोळ्यांनी स्वतःला तटरक्षक म्हणवून घेतलं. असले विषय काढले की बैठक लांबते. (जहाजांकडे दस्तक, म्हणजे समुद्रातून जायचा परवाना, मागणाऱ्या कान्होजी आंग्र्यांनाही इंग्रज चाचाच म्हणत. पण तुलना इथेच थांबवतो. आंग्र्यांकडे आरमार होतं, किल्ले होते. इथे एके-47 घेतलेली पोरं आहेत आणि त्यांनी गरीब खलाशांचे हाल केलेत.)

त्यापेक्षा चाचे पकडा आणि सोडून द्या. डेन्मार्कच्या 'अब्सालोन' या युद्धनौकेने 2008 मध्ये दहा जण पकडले आणि खटला चालवता येईना म्हणून सोमालियाच्या किनाऱ्यावर नेऊन उतरवले. रशियाने 2010 मध्ये 'मॉस्को युनिव्हर्सिटी' हा टँकर सोडवला आणि पकडलेल्यांना एका होडीत बसवून किनाऱ्यापासून शेकडो मैलांवर सोडलं, दिशादर्शक उपकरणं काढून घेऊन. ते किनाऱ्याला लागलेच नसावेत, असं रशियानेच नंतर सांगितलं. कायद्याचा कीस पाडायचा कंटाळा असणाऱ्यांनी ही पद्धत अभ्यासावी.

भारताने तिसरा मार्ग धरला. पकडायचं, मुंबईत आणायचं आणि मग कायदा शोधायचा. 1999 मध्ये नौदल आणि तटरक्षक दलाने पाठलाग करून 'अलोन्ड्रा रेनबो' हे जपानी मालकीचं जहाज चाच्यांच्या हातून सोडवलं. मुंबईच्या सत्र न्यायालयाने आरोपींना शिक्षा दिली, 2005 मध्ये उच्च न्यायालयातून ते सुटले. चाचेगिरीविरोधी कायदा आला 2022 मध्ये. शिजेपर्यंत थांबलो ते निवेपर्यंत थांबायला काय हरकत होती? पण उपयोग झाला, हे कबूल करायला हवं. मार्च 2024 मध्ये 'आयएनएस कोलकाता' ही युद्धनौका आणि नौदलाच्या मार्कोस कमांडोंनी 'रुएन' जहाजावरचे 35 चाचे जिवंत धरले, 17 खलाशी सोडवले, आणि चाच्यांना थेट मुंबईत आणून यलो गेट पोलीस ठाण्याच्या हवाली केलं. यावेळी कलम तयार होतं.

मात्र कडक धोरण आणि खंडणी एकाच वेळी वापरायची असेल तर 'अस्फाल्ट व्हेंचर' विसरू नका. एप्रिल 2011 मध्ये खंडणी पोहोचली, जहाज सुटलं. सात भारतीय खलाशी मात्र चाच्यांनी ठेवून घेतले, कारण भारताने त्यांची माणसं कैदेत ठेवली होती. सरकारने तत्त्व पाळलं, मालकाने व्यवहार पाळला, जहाज मालकाकडे परतलं. तिन्ही खाती जुळली. ते सात जण ऑक्टोबर 2014 मध्ये सुटले.

नकाशाकडेही लक्ष द्या. 2010 मध्ये जहाज उद्योगाने धोक्याच्या क्षेत्राची रेषा पूर्वेला 78 अंश रेखांशापर्यंत ओढली आणि आपली मुंबई, रत्नागिरी, कोची बसल्या जागी चाच्यांच्या प्रदेशात गेली. विम्याचे हप्ते त्याप्रमाणे. पुढे रेषा मागे सरकली आणि 1 जानेवारी 2023 पासून ते क्षेत्रच रद्द झालं. 'रुएन' पळवलं गेलं त्याच वर्षी 14 डिसेंबरला. चाच्यांना परिपत्रक उशिरा मिळालं असावं.

आणि बडा मासा पकडायचाच असेल तर युद्धनौका बंदरात ठेवा. 'अफवेने' नावाचा सोमाली चाच्यांचा म्होरक्या इतक्या आरमारांच्या हाती लागला नाही. 2013 मध्ये बेल्जियमच्या पोलिसांनी त्याला त्याच्याच आयुष्यावरच्या सिनेमाचा सल्लागार होण्याचं गाजर दाखवलं आणि गडी विमानाने ब्रुसेल्सला येऊन उतरला. पुढे 20 वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा एक पटकथालेखक नेमा. मानधन खलाशांच्या थकलेल्या पगारातून देता येईल.