ड्यू टू टाका, वजन येतंय

ऑफिसला उशीर झाला, तर साहेबांनी लेखी कारण मागितलं, तेही इंग्लिशमध्ये. आता उजनी धरण तुडुंब असो नाहीतर तळाला, आमच्या सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआडच, यावेळी रात्री तीनला आलं, उजाडेपर्यंत बॅरल भरले आणि मग जो डोळा लागला तो लागलाच. मोबाईलवर सरळ टाइप केलं, 'बिकॉज द वॉटर केम ॲट थ्री, आय ओव्हरस्लेप्ट', आणि प्रिंट काढायला सात रस्त्याला झेरॉक्सवाल्याकडं गेलो.

मागं एक काका, हातात पेन्शनचे कागद. नंबर माझा, पण स्क्रीन ते वाचतायत.

"अवो, बिकॉजनं वाक्य सुरू करतेत व्हय?"

म्हटलं काका, चालतंय, पुढं मुख्य वाक्य आहे ना.

"बरं, मग सो कुठाय? कारण सांगितलं की म्हणून यायला पाहिजे का नको?"

म्हटलं इंग्लिशमध्ये दोन्हीतलं एकच लागतं, बिकॉज आलं की सो नको. काकांनी झेरॉक्सवाल्या पोराकडं असं बघितलं, जणू मी कडक भाकरी मागवून शेंगाचटणी परत पाठवलीय.

"ते बिकॉज काढ बे. ड्यू टू टाक. आमच्या ऑफिसात ड्यू टूशिवाय कागद हलत नव्हता."

ड्यू टूच्या मागं नाम लागतं ओ, 'ड्यू टू द वॉटर सप्लाय' असं, अख्खं वाक्य नाही चिकटवायचं, बिकॉज ऑफचं पण तसंच, हे मी सांगतोय तोवर पोरानं 'ड्यू टू वॉटर केम' ठोकलं पण. माझ्या अर्जात! मला कुणी विचारलं?

"आता खाली हेन्स मार. वजन येतंय."

हेन्स बसलं. मग काकांना सिन्स आठवलं, 'सिन्स वॉटर केम आय ॲम स्लीपिंग'. मी ओरडलोच, अवो, सिन्सचा अर्थ 'तेव्हापासून' असा पण होतो, पाणी आल्यापासून मी अजून झोपलोयच असं वाचतील की ते!

काका शांतपणे म्हणाले, "मग तसंच दिसलालाव की तुम्ही."

पोरानं करेक्शनचे पैसे वेगळे घेतले. आणि हे सगळं ज्यांच्यासाठी, ते साहेब फोनवर मला "कुठं मेलतास बे" असंच विचारतात. कारण सोलापुरीत विचारायचं आणि आम्ही द्यायचं इंग्लिशमध्ये, हा कुठला न्याय? रात्री तीनला पाणी का सोडता, हे लेखी कुणी कुणाला विचारत नाही, लेखी फक्त आमच्या झोपेचं लागतं. अर्ध्या दिवसाचा पगार कापला तो कापलाच, अर्ज साहेबांनी उघडून पण बघितला नाही.