जर्नल कुणाच्या सहीचं?

परवा बहिणीचा फोन आला. भाचा दहावी पास झालाय, 62 टक्के, आणि घरात दोन पार्ट्या पडल्यात. भावजींचं म्हणणं अकरावी सायन्स घे, क्लास लावू, पुढचं पुढे बघू. पोरगा म्हणतो मला आयटीआयच करायचंय, इलेक्ट्रिशियन. आणि बहीण रडकुंडीला आलेली, कारण आयटीआय म्हटलं की शेजारीपाजारी लगेच विचारतात, "का गं, मार्क कमी पडले का?" शेवटी तिने सगळं माझ्यावर ढकललं, "तिकडे जर्मनीत म्हणे असल्या कामाला फार मान आहे, तूच सांग काय ते." 2024 ला महाराष्ट्र सरकारने आमच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, सुरुवातीला 10,000 कुशल तरुण पाठवायचे म्हणून, तेव्हापासून मला असे फोन यायला लागलेत, जणू व्हिसा मीच छापतो.

भारतात याबद्दल चाललेली चर्चा मी इथून लांबून वाचत असतो. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात म्हटलंय की 2025 पर्यंत निम्म्या तरी विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख झाली पाहिजे. त्याच धोरणात एक आकडा आहे, भारतात 19 ते 24 वयाच्या कामगारांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेले 5 टक्क्यांहून कमी आणि जर्मनीत 75 टक्के. हा आकडा माझ्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किमान दोनदा फिरून गेलाय. मजा म्हणजे 1986 च्या धोरणातही असंच लिहिलं होतं, अकरावी-बारावीच्या 10 टक्के मुलांना 1990 पर्यंत आणि 25 टक्क्यांना 1995 पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळवायचं. ती 25 टक्के मुलं कुठे गेली ते आपल्याला माहीतच आहे, सायन्सच्या क्लासला गेली.

मग लेव्हल आल्या. 2013 ला कौशल्य पात्रतेची राष्ट्रीय चौकट आणली तेव्हा दहा लेव्हल होत्या, 2023 ला आठ केल्या, त्यात परत साडेचार, साडेपाच अशा अर्ध्या पायऱ्यापण आहेत, आणि तीस तासांना एक क्रेडिट या हिशोबाने शाळा, आयटीआय, डिग्री सगळं एकाच शिडीला टांगलंय. मी याला हसत नाही हां. मी स्वतः डिप्लोमावरून डायरेक्ट सेकंड इयरला गेलेला माणूस आहे, वर जायला दार उघडं असणं म्हणजे काय असतं ते मला कळतं. आयटीआयवाल्या पोराला उद्या डिप्लोमा, परवा डिग्री करता आली तर चांगलंच आहे. पण शिडी कितीही छान रंगवली तरी खालची फळी कुजकी असेल तर पाय ठेवल्यावर काय होणार?

दोन हिवाळ्यांपूर्वी आमच्या बिल्डिंगचं हीटिंग बंद पडलं. दोघं आले, एक पन्नाशीचा माइस्टर, म्हणजे परीक्षा पास झालेला वस्ताद, आणि त्याच्याबरोबर अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, आउसबिल्डुंगच्या, म्हणजे कामावर राहून धंदा शिकण्याच्या, दुसऱ्या वर्षाला. अशा शिकाऊ पोराला इथे आत्सुबी म्हणतात. तळघरात मीपण उगाच बघायला उतरलो. माइस्टरने कशालाच हात लावला नाही. हाताची घडी घालून मागे उभा, पोराने पंप खोलला, सील बदललं, प्रेशर चेक केलं, एकदा चुकीचा स्पॅनर उचलला तेव्हा माइस्टर फक्त घसा खाकरला. काम झाल्यावर पोराने एक वही काढली आणि तिथेच जिन्यावर बसून लिहायला लागला, आज काय केलं, किती वेळ लागला. मी विचारलं हे काय. त्याला म्हणतात बेरिश्ट्सहेफ्ट, म्हणजे साडेतीन वर्षांत जे जे काम केलं त्याची नोंद, आणि त्यावर शिकवणाऱ्याची सही. ती वही पूर्ण नसेल तर शेवटच्या परीक्षेला बसूच देत नाहीत. आता बरेच जण ते अ‍ॅपवर लिहितात, पण गोष्ट तीच.

मला हसूच आलं, कारण अशी वही आपल्याकडेपण आहे. आपण तिला जर्नल म्हणतो. माझ्या डिप्लोमाची सगळी जर्नल्स मी सबमिशनच्या आदल्या रात्री सीनियरची छापून काढली होती, त्यातल्या एका लेथच्या जॉबला तर मी हातही लावला नव्हता कारण मशीन एक आणि पोरं वीस, आणि सरांनी सही करताना पान उलटून पाहिलं नाही. चुलत भावाने आयटीआय केलं तिथेही हेच. प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक आले, चहा-नाश्ता झाला, सगळी पोरं पास. भाऊ आज चाकणला चांगला इलेक्ट्रिशियन आहे, पण तो ते शिकला एका मोटर रिवाइंडिंगवाल्या वस्तादाकडे, ज्याच्याकडे स्वतःचं एकही सर्टिफिकेट नाही.

म्हणजे वही दोन्हीकडे आहे, सहीपण दोन्हीकडे आहे, फरक एवढाच की सही खोटी निघाली तर कुणाचं काय बिघडतं. इथे परीक्षा शिकवणारी शाळा घेत नाही, चेंबरची, म्हणजे उद्योग-धंद्यांच्या मंडळाची, समिती घेते, त्यात मालकांचे प्रतिनिधी, तेवढेच कामगारांचे आणि व्यवसाय शाळेचा एक तरी शिक्षक. मालकाला पोराला पगार द्यावा लागतो, 2025 मध्ये पहिल्या वर्षाला कायद्याने महिन्याला कमीत कमी 682 युरो. पैसे जातात म्हणून तो शिकवतो, आणि नुसतं झाडू मारायला लावलं तर शिकाऊ मुलं ठेवायचा हक्क काढून घेतला जाऊ शकतो. आपल्याकडेही अप्रेंटिस कायदा 1961 पासून आहे, तीस किंवा जास्त माणसं असतील तर अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यायलाच लागतात, कंपन्या घेतातही, पण कित्येक ठिकाणी पोराला लाइनवर उभं करून वर्षभर तोच एक बोल्ट आवळायला लावतात आणि वर्ष संपलं की पुढची बॅच.

आता कुणी म्हणेल, एवढं कौतुक आहे तर तुझ्या पोरीला घाल की आउसबिल्डुंगला. बरोबर आहे, तिथेच माझी गोची झाली. इथे चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात, दहा वर्षांच्या पोराला सांगतात तू गिम्नाझियमला, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या वाटेवरच्या शाळेला, आणि तू रेआलशूलला, म्हणजे मधल्या पातळीच्या शाळेला. आमच्या राज्यात आता पालकांची इच्छा, शिक्षकांची शिफारस आणि कोम्पास नावाची परीक्षा, या तिन्हीतलं दोन जुळलं तर गिम्नाझियम, नाहीतर आणखी एक टेस्ट. मुलीला रेआलशूलची शिफारस आली तेव्हा मी, जो सगळ्यांना जर्मनीचं मॉडेल सांगत फिरतो, तो तीन रात्री झोपलो नाही. बायको म्हणाली, तुझं भाषण कुठे गेलं? इथल्या आमच्या मराठी मंडळातल्या एकाही घरातला मुलगा अजून आउसबिल्डुंगला गेलेला मला माहीत नाही. मुलगी मजेत आहे, त्रास फक्त बापाला.

आणि हे चौथीचं प्रकरण मात्र आपण अजिबात उचलू नये, फुकट दिलं तरी. इथेसुद्धा डॉक्टरचं पोर गिम्नाझियमला आणि बाहेरून आलेल्या कामगाराचं खालच्या शाळेला, हे गेली कित्येक वर्षं वादाचं आहे. आपल्याकडे तर त्यात जात आहे. 1953 मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी योजना काढली होती, मुलांनी अर्धा दिवस शाळेत आणि उरलेला वेळ घरच्या धंद्यात, लोक इतके भडकले की नंतरचे मुख्यमंत्री कामराज यांनी 1954 ला ती गुंडाळली. का भडकले ते समजायला फार अभ्यास लागत नाही. म्हणून सहावीपासून सुताराकडे, कुंभाराकडे दहा दिवस दप्तराविना जायचं हे नव्या धोरणातलं मला आवडतं, पण एका अटीवर, सगळ्या मुलांनी जायचं, वकिलाच्या पोरानेही. निवड दहावीनंतर.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, त्यांचा मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय काही शाळांमध्ये शिकवतात. त्यात मुलं गावातल्या लोकांची खरीखुरी कामं करतात, वेल्डिंग, वायरिंग, शेतीचं. काम बिघडलं तर गिऱ्हाईक बोलणार. म्हणजे जर्मनीला यायचीही गरज नाही, परीक्षक गावातच उभा आहे. हे एवढं जुनं आपल्याकडे असताना आपण लेव्हल साडेचार की पाच यावर सेमिनार घेतो याचं मला नवल वाटतं.

माझं म्हणणं, लेव्हल आठ ठेवा नाहीतर अठरा, आधी परीक्षा शिकवणाऱ्यांच्या हातातून काढा. आणि त्या रिवाइंडिंगवाल्या वस्तादाला आधी सर्टिफिकेट द्या, आधीच्या अनुभवावर पात्रता द्यायची सोय आहेच ना, पण दोन-चार तासांत उरकू नका, नीट तपासा, आणि मग त्याच्या सहीला किंमत द्या. तो म्हणाला पोराला मोटर भरता येते, तर येते. मोटर जळली तर नाव त्याचं जाईल, हे त्याला कुठल्याही परीक्षकापेक्षा जास्त कळतं.

हे सगळं मी बहिणीला एवढं लांबण लावून सांगितलं नाही, एवढंच म्हटलं की त्याला जाऊ दे, पण शनिवार-रविवार त्या वस्तादाकडे पाठव. काल भाच्याचाच फोन आला, खुशीत होता. दुसऱ्या फेरीत नंबर लागला, इलेक्ट्रिशियनच मिळालं. वर्ग सुरू व्हायला अजून वेळ आहे, म्हटलं तयारी काय चाललीय. म्हणाला, "मामा, टेन्शनच नाही, गल्लीतल्या सीनियरने त्याचं जर्नल आत्ताच देऊन टाकलंय, सगळं लिहिलेलं, सह्यांसकट."