शनिवारी साडेबारानंतर

पूर्व लंडनमध्ये रॉयल आल्बर्ट डॉकच्या उत्तर काठावरील बाकांवर आमचा कट्टा भरतो, आणि तो शनिवारी दुपारीच भरतो, कारण पाण्यापलीकडे हाकेच्या अंतरावर असलेला लंडन सिटी विमानतळ शनिवारी दुपारी साडेबाराला बंद होतो आणि रविवारी दुपारी साडेबाराला पुन्हा उघडतो. इतर दिवशी येथे बोलायला बसले की विमान उठताच वाक्य अर्धवट सोडून, हातातला चहाचा कप तसाच धरून थांबावे लागते, आणि आवाज ओसरल्यावर पुढचा शब्द उचलावा लागतो. ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे की मी घरात फोनवर बोलतानाही तसाच थांबतो.

गेल्या शनिवारी वाद झाला तो याच चोवीस तासांवरून. विमानतळाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगीच्या अटी बदलून मागितल्या होत्या : वर्षाला ६५ लाख प्रवाशांची मर्यादा ९० लाखांवर न्यावी आणि शनिवारची उड्डाणे संध्याकाळी साडेसहापर्यंत चालू द्यावीत. वर्षाला १,११,००० उड्डाणांची मर्यादा मात्र आहे तशीच राहणार होती. न्यूहॅम कौन्सिलने, म्हणजे येथल्या स्थानिक पालिकेने, जुलै २०२३ मध्ये नकार दिला, विमानतळाने अपील केले, जाहीर चौकशी झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्यांनी प्रवाशांची वाढ मान्य केली, शनिवारची दुपार मात्र नाकारली.

आमच्यातला एक मित्र टर्मिनलमध्ये काम करतो. हा नकार त्याला आजही पटलेला नाही. तो म्हणाला, "विमानतळ १९८७ पासून येथे आहे आणि आपण बहुतेक सगळे त्यानंतर आलो. शेजारी धावपट्टी आहे हे बघूनच घर घ्यायचे आणि मग तिच्या आवाजाची तक्रार करायची, हे मला योग्य वाटत नाही. शनिवारच्या त्या सहा तासांत कितीतरी लोकांच्या पाळ्या भरल्या असत्या. शिवाय त्या वेळेत केवळ नव्या पिढीची, कमी आवाजाची विमाने उडतील, असे त्यांनी स्वतःहून सांगितले होते."

त्याचे उत्तर काकांनी दिले. गोदीतला मालवाहतुकीचा व्यवहार १९८१ मध्ये बंद पडला आणि सगळा परिसर ओस पडला, तो काळ त्यांनी येथे राहून पाहिला आहे. "अरे, विमानतळ आणताना आम्हांला सांगितले होते ते पंख्याच्या छोट्या विमानांबद्दल, थोड्याशा धावपट्टीवरून उडणाऱ्या. मग धावपट्टी वाढली, उतरण्याचा कोन साडेसात अंशांवरून साडेपाच अंशांवर आला आणि १९९२ पासून जेट विमाने येऊ लागली. तू म्हणतोस की लोक धावपट्टी बघून आले. मी म्हणतो, जी बघून होकार दिला ती धावपट्टी ही नव्हे."

मला स्वतःला यापुढचे म्हणायचे होते आणि ते मी जरा तावातावानेच म्हटले. परवानगी आणि तिच्या अटी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. अटींसकट दिलेली ती एकच संमती असते, आणि ज्यांच्या डोक्यावरून विमाने जातात त्यांना त्या संमतीच्या बदल्यात मिळालेली एकमेव गोष्ट म्हणजे हे चोवीस तास. विमान कमी आवाजाचे असेल, हे मान्य आहे. पण येथे आवाज मोजतात तो उन्हाळ्यातल्या ९२ दिवसांच्या, सकाळी सात ते रात्री अकरा या सोळा तासांच्या सरासरीने, आणि त्या सरासरीत शनिवारची एक दुपार कुठल्या कुठे विरघळून जाते. आम्हांला मात्र ती दुपार सरासरीने मिळत नाही, सलग मिळते. शेवटचे विमान गेल्यावर हळूहळू समुद्रपक्ष्यांचा कलकलाट ऐकू येऊ लागतो, मग कोणाच्या तरी उघड्या खिडकीतून कुकरची शिट्टी, आणि जुलैमध्ये खिडकी उघडी टाकून झोपलेले लहान मूल दचकून उठत नाही. खिडक्यांना आवाज अडवणाऱ्या काचा बसवून देण्याची योजना चांगली आहे, पण ती बंद खिडकीपुरती.

मित्र यावर गप्प बसला नाही. "तुमची शांतता मला कळते, पण शनिवारी मला बारा वाजता घरी पाठवतात, तेव्हा माझे घरभाडे अर्धे होत नाही," असे तो म्हणाला. हे त्याचे म्हणणे खरे आहे आणि माझ्याकडे त्याला पुरेसे उत्तर नाही. प्रवाशांची मर्यादा वाढली त्यामुळे आठवड्यातल्या इतर पाळ्या वाढतील, एवढेच मी म्हणू शकलो.

इतका वेळ ऐकत बसलेल्या वहिनी इस्पितळात रात्रपाळी करतात. त्यांनी शांतपणे विचारले, "आणि सकाळचे काय?" त्याच निर्णयात सकाळी साडेसहा ते सात या अर्ध्या तासातली उड्डाणे सहावरून नऊ करण्यास मंजुरी मिळाली आहे. वहिनी ड्युटीवरून येऊन पाठ टेकतात ती नेमकी त्याच सुमारास. काकांनी मान खाली घातली. शनिवार वाचवायला आम्ही सगळ्यांनी कौन्सिलला हरकती लिहून पाठवल्या होत्या, आणि त्यांतल्या एकाही पत्रात सकाळच्या त्या तीन विमानांचा उल्लेख नव्हता.