सेल्फ लागत नाही म्हणजे बॅटरीच गेली, हे खरं नाही

जून उजाडला की मुंबईतल्या बाइकवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. पावसात सेल्फ लागेनासा झाला तर बॅटरी गेली, नवीन टाका. खात्री करायची असेल तर इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढा. गाडी बंद पडली तर चार्जिंग खराब. फ्यूज सारखा उडत असेल तर एक नंबर मोठा टाका. सगळ्या कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगांमध्ये, ग्रीस भरा. गाडी पाण्यात बुडाली तर लगेच सेल्फ मारून पाणी उडवून द्या. यातला एकही सल्ला जसाच्या तसा पाळू नका. काही तर चांगल्या गाडीची वाट लावणारे आहेत.

पहिला दावा बॅटरीचा. बॅटरी तीन-चार वर्षं जुनी असेल तर तिच्यावर संशय घेणं रास्त आहे. पण उतरलेली बॅटरी आणि मेलेली बॅटरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत जळतच राहतो. सायन ते दादर सिग्नलमागून सिग्नल, इंजिन आयडलवर, मॅग्नेटोकडून (इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग) जेमतेम करंट आणि दर थांब्याला पुन्हा सेल्फ. अशाने धडधाकट बॅटरीही उतरते.

म्हणून आधी मोजा. लॅमिंग्टन रोडवर मिळणारा साधा डिजिटल मल्टीमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी चावी लावण्याआधी, मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर आकडा बघा. १२.६च्या वर असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. अर्धी असेल तर बदलू नका, चार्ज करा. चार्जिंगचा करंट क्षमतेच्या दहाव्या भागाइतका हवा: ५ एएच (अँपिअर-अवर) क्षमतेच्या बॅटरीला ०.५ अँपिअर. कारचा मोठा चार्जर लावलात तर छोटी बॅटरी तापून खराब होते. चार्ज करून काही तास ठेवल्यावरही आकडा १२.४च्या खाली घसरला, तर मात्र बॅटरी गेली म्हणा.

आता गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून सेल्फ दाबा आणि दाबलेला असतानाचा आकडा पाहा. भरलेल्या बॅटरीचा आकडा ९.५च्या खाली कोसळला तर बॅटरी कमकुवत. आकडा १०च्या वर टिकून आहे आणि मोटर तरीही फिरत नाही किंवा रडतरखडत फिरते, तर दोष बॅटरीच्या पुढे आहे. मुंबईत तो बहुतेक वेळा जोडात सापडतो. खाऱ्या दमट हवेने तांब्यावर हिरवा थर चढतो, अर्थच्या, म्हणजे बॅटरीचा मायनस इंजिनला जोडणाऱ्या वायरच्या, बोल्टखाली गंज धरतो आणि तेवढ्याने करंटची वाट अडते. हा दोष डोळ्यांना दिसेलच असं नाही, पण मीटरला सापडतो. एक प्रोब बॅटरीच्या मायनस खांबावर आणि दुसरा इंजिनच्या रंग नसलेल्या धातूवर धरून सेल्फ दाबा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ चांगला. ०.५च्या वर गेला तर तो बोल्ट काढून, पॉलिश पेपरने घासून, घट्ट आवळा. हीच चाचणी प्लस खांब आणि सेल्फ मोटरचा बोल्ट यांच्यात घेतली की मधल्या वायरचा आणि रिलेचा (सेल्फचं बटण दाबल्यावर मोटरकडे करंट सोडणारा स्विच) दोष कळतो.

आवाजही ऐका. भराभर टकटक होत असेल तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल ढिलं. एकच ठोस ‘टक’ येऊन मोटर गप्प राहिली तर रिलेचे पॉइंट किंवा मोटरचे ब्रश. अजिबात आवाज नसेल तर किल स्विच, क्लच स्विच, साइड स्टँडचा स्विच आणि फ्यूज आधी बघा. पावसाचं पाणी क्लच स्विचमध्ये सहज शिरतं, आणि तेवढ्यासाठी नव्या बॅटरीचे पैसे मोजले जातात याचं खरंच वाईट वाटतं.

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढणं हा या मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला. बॅटरी सर्किटमधला व्होल्टेज सांभाळून धरते. ती अचानक सुटली की व्होल्टेज उसळतो, आणि फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, जळू शकतो. त्याच्या किमतीत कित्येक बॅटऱ्या येतील. शिवाय या चाचणीतून काही कळतही नाही. ज्या जुन्या गाड्यांत स्पार्कसाठी मॅग्नेटोत वेगळी कॉइल असते, त्या चार्जिंग पूर्ण बंद असलं तरी चालू राहतात. उलट नव्या गाडीत चार्जिंग उत्तम असूनही आयडलला इंजिन बंद पडू शकतं.

बॅटरी जोडलेलीच ठेवा, टर्मिनलांवर मीटर लावा आणि रेस ४ ते ५ हजार आरपीएमवर न्या. १३.५ ते १४.५ व्होल्ट आले तर चार्जिंग ठीक. १५च्या वर गेले तर रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा भाग, खराब. आकडा १३च्या खालीच रेंगाळला तर इंजिन बंद करून स्टेटरचा, म्हणजे मॅग्नेटोतल्या स्थिर कॉइलचा, कपलर सोडवा. पिना जळून काळ्या पडल्या असतील तर दोष तिथेच. पिना ठीक असतील आणि स्टेटरच्या तीन वायरी असतील, तर मीटर एसीवर ठेवून इंजिन सुरू करा आणि दोन-दोनच्या जोड्या मोजा. तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. हात लावू नका, इथे ५० व्होल्टच्या वर एसी असू शकतो. एक जोडी कमी दाखवत असेल तर स्टेटर. तिन्ही सारखे आणि भरपूर असतील तर रेग्युलेटरकडे वळा.

फ्यूजचा नंबर वाढवू नका. तो वायरची जाडी बघून ठरवलेला असतो. १०चा लाल काढून २०चा पिवळा टाकला तर शॉर्ट झाल्यावर फ्यूजआधी वायर वितळते, तीही पेट्रोलच्या टाकीखाली. शॉर्ट शोधायला उडालेल्या फ्यूजच्या जागी दोन वायरी लावून इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तर तो पूर्ण पेटतो, पण पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊ देत नाही. हँडल डावी-उजवीकडे वळवा, वायरिंग हलवा, एकेक कपलर सोडवा. ज्या क्षणी बल्ब मंदावेल तिथे दोष. हँडलच्या मुळाशी वायरिंग रोज वळतं, सुरुवात तिथून करा. जास्तीचे ५५ वॉटचे दोन लाइट लावले असतील तर ते एकटेच ९ अँपिअर ओढतात. त्यांना स्वतंत्र रिले आणि स्वतंत्र फ्यूज हवा.

ग्रीसबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. बेअरिंगचं ग्रीस मात्र नको, त्याने रबर फुगतं आणि चिखल चिकटतो. कपलर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, पूर्ण सुकवा, मग रबर सीलवर सिलिकॉनच्या डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर द्या. गंजलेल्या पिनांवर ग्रीस थापलं तर गंज आत कोंडून राहतो. बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा थर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, सुकवून, वायर घट्ट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा.

हिंदमाता किंवा मिलन सबवेत गाडी बुडाली असेल तर सेल्फला हात लावू नका. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. चावी बंद करा, बॅटरीचा मायनस काढा, मग प्लस. एअर फिल्टर उघडून बघा, इंजिन ऑइल दुधाळ दिसतंय का तपासा, स्पार्क प्लग काढून सिलिंडर रिकामा करा. कपलर सुकवल्यावरच बॅटरी जोडा, आणि तेव्हा आधी प्लस, मग मायनस.