त्सेत्से माशी ‘सगळ्या आफ्रिकेत’ नसते

पूर्व आफ्रिकेच्या सहलीला निघालेल्यांना हमखास पाठवला जाणारा एक मजकूर सांगतो, की त्सेत्से माशी आफ्रिकेत सर्वत्र असते, ती चावली की निद्रारोग होतोच आणि एकदा तिने जंगलात ठाण मांडले की तिला हटवणे अशक्य असते. ‘ग्लोसिना ऑस्टेनी’ ही एकच रानवासी जात तपासली तरी यातले काहीच टिकत नाही.

‘सर्वत्र’ म्हणावे, तर त्सेत्सेच्या तिसाहून अधिक जाती-उपजाती सहाराच्या दक्षिणेलाच, त्याही आपापल्या अधिवासापुरत्या आढळतात. ऑस्टेनी ही दक्षिण सोमालियापासून दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताळपर्यंतच्या किनारी पट्ट्यातली माशी असून तिथेही ती दाट सावलीची वने आणि झुडपी राने सहसा सोडत नाही.

ती मुख्यतः रानडुकरांच्या रक्तावर जगते आणि निद्रारोगाच्या वाहकांत तिची गणना होत नाही. तिचा खरा उपद्रव गुरांना होणाऱ्या ‘नागाना’ रोगाचा आहे. निद्रारोग पसरवणाऱ्या जाती निराळ्या आहेत, आणि २०१८ पासून त्याचे नोंदलेले रुग्ण वर्षाला १,००० च्या आत राहिले आहेत. (निळे कपडे टाळण्याचा त्याच मजकुरातला सल्ला मात्र रास्त आहे, ऑस्टेनीला पकडायलाही निळे-पांढरे चिकट फलक लावतात.)

‘हटवणे अशक्य’ या दाव्याला झांझिबारच्या उंगुजा बेटाने केव्हाच उत्तर दिले आहे. त्सेत्सेची मादी बहुधा एकदाच मीलन करते आणि अंडी न घालता सुमारे नऊ-दहा दिवसांनी एकच पूर्ण वाढलेली अळी प्रसवते, त्यामुळे ते एकमेव मीलन वंध्य नराशी झाले तर तिचा वंश तिथेच खुंटतो. उंगुजावर आधी गुरांना कीटकनाशक लावून माश्यांची संख्या घटवली गेली आणि मग १९९४ पासून, टांझानियातील टांगा येथे पोसलेले व गॅमा किरणांनी वंध्य केलेले ८० लाखांहून अधिक नर विमानातून सोडले गेले. शेवटची रानटी माशी सप्टेंबर १९९६ मध्ये सापडली. त्यासाठी जोझानीचे जंगल तोडावे लागले नाही, हे विशेष.

अर्थात उंगुजा हे बेट आहे आणि समुद्र ओलांडून माशी परतणे अवघड आहे. क्वाझुलू-नाताळमधला ऑस्टेनीचा पट्टा सलग मोझांबिकमध्ये शिरतो, त्यामुळे तिथे सीमेच्या एकाच बाजूला मोहीम राबवून भागत नाही.